बेल्जियमहून घरी आणायच्या सहा बाटल्या

आधी हिशेब. परदेशातून भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्क न भरता आणता येतं, आणि त्या दोन लिटरमध्ये व्हिस्की, वाइन, बिअर असा भेद नाही. बेल्जियममध्ये सर्रास दिसणारी बिअरची बाटली ३३ सेंटीलिटरची. सहा बाटल्या झाल्या की १.९८ लिटर भरतात, सातवी घेतली की मर्यादा ओलांडली. ज्या देशाच्या बिअरसंस्कृतीला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, जिथे एखाद्या पबची बिअरची यादी पोथीएवढी जाड असते, तिथून तुम्हाला सहाच बाटल्या उचलायच्या आहेत.

पहिल्या खेपेला मी हा विचार केला नव्हता. ब्रसेल्सच्या ग्राँ प्लास ह्या मुख्य चौकाजवळच्या दुकानांतून आवडतील ती लेबलं घेत गेलो. पुण्याला आल्यावर महिनाभराने उघडल्या, तर दोन बाटल्यांतला हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) वास पार उडालेला, एकीला तर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. तिथे पबमध्ये प्यायलो होतो तीच बिअर, पण इथे तिच्यात जीव राहिला नव्हता. नंतर दोनदा जाणं झालं, तिथल्या पबवाल्यांना आणि ब्रुअरीतल्या माणसांना विचारून विचारून काही गोष्टी कळल्या. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी त्या इथे क्रमाने लिहितो.

ताजी कोणती, मुरणारी कोणती

सगळ्यात आधी हे समजून घ्या, कारण पुढची निवड सगळी ह्यावर उभी आहे. काही बिअर कोथिंबिरीसारख्या असतात, आणल्या दिवशीच वापरायच्या. काही लोणच्यासारख्या, मुरल्या की चढत जाणाऱ्या. पहिल्या जातीच्या बिअर तिथेच पोटभर प्या आणि सुटकेसमध्ये फक्त दुसऱ्या जातीच्या भरा.

ताज्या म्हणजे हलक्या, हॉप्सच्या वासावर जगणाऱ्या. ब्रसेल्सच्या ब्रासरी द ला सेनची ‘तारास बुल्बा’ ही साडेचार टक्के अल्कोहोलची बिअर घ्या. कडसर, लिंबाच्या सालीसारखी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिचं सगळं मोल ताजेपणात आहे. अँटवर्पला द कोनिंकची तांबूस बिअर गोल प्याल्यात देतात, तिला तिथले लोक ‘बोलेके’ म्हणतात. तीही नळावरचीच प्यावी. गव्हाच्या पांढऱ्या बिअरचंही तसंच. तिच्यात धने आणि संत्र्याची सुकवलेली साल घालतात, आपल्या नाकाला पहिल्याच घोटात ओळखीचं काहीतरी सापडतं. पिएर सेलिस ह्या माणसाने १९६६ मध्ये होगार्डन गावात हा बंद पडलेला प्रकार पुन्हा सुरू केला. प्यायला सुरेख, पण साठवायला नाही, शिवाय होगार्डन आपल्याकडे दुकानात मिळते. तिच्यासाठी बॅगेतली जागा घालवू नका.

मुरणाऱ्या बिअर ओळखायच्या दोन खुणा आहेत. एक, बाटलीत जिवंत यीस्ट असतं. बाटली भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच लावतात, मग बाटलीच्या आतच दुसऱ्यांदा आंबवण होते. बुडाशी पातळसा गाळ दिसतो तो हाच. आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन हे यीस्ट खाऊन टाकतं, म्हणून बिअर लवकर शिळी होत नाही. दुसरी खूण म्हणजे बिअर एकतर आठ-नऊ टक्क्यांच्या वर तीव्र असते, नाहीतर चांगलीच आंबट असते. अल्कोहोल आणि आम्ल, दोन्ही राखणदार आहेत. लोणच्यात मीठ आणि तेल जे काम करतात तेच.

निघण्यापूर्वी

फार काही लागत नाही. सुटकेसमध्ये चार किलोची जागा सोडा. ३३ सेंटीलिटरच्या सहा भरलेल्या बाटल्या साडेतीन किलोच्या आसपास जातात. झिपच्या जाड प्लास्टिक पिशव्या सहा-सात घ्या, चिकटपट्टी घ्या, आणि जुने जाड मोजे टाकून देण्याआधी ह्या प्रवासाला न्या. घरून एक छोटी वही जरूर न्या. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले की आपण ते पुन्हा बघत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

पहिले दोन-तीन दिवस काही विकत घेऊ नका

नुसतं चाखा. पबमध्ये गेल्यावर यादी बघून गांगरायला होतं. सरळ सांगा की मला आंबट हवी, की गडद हवी, की कडू हवी. बेल्जियमचे बारवाले ह्या बाबतीत फार मनापासून मदत करतात. ब्रूजला केमेलस्ट्राटमध्ये ‘ट ब्रुग्स बेर्त्ये’ नावाचा लहानसा पब आहे, १९८३ पासूनचा. तिथे मी ‘घरी न्यायला कोणती?’ असं विचारलं, तर वाढणाऱ्या बाईंनी आधी विचारलं, ‘घर कुठे?’ भारत म्हटल्यावर त्यांनी यादीतल्या तीन नावांवर पेन्सिलने बारीक टिंब केलं आणि एकावर फुली मारली. फुली मारलेली हॉप्सवाली होती. त्या फुलीने मला जे शिकवलं ते कुठल्या मोठ्या लेखाने शिकवलं नसतं.

प्रत्येक बिअरचा प्याला वेगळा असतो आणि त्यावर तिचं नाव छापलेलं असतं. हे नुसतं मिरवणं नाही, पसरट प्याल्यात वास जास्त मोकळा होतो. बारवाला बाटली ओततो ते नीट बघा: प्याला तिरपा, धार सावकाश, शेवटचा सेंटीमीटरभर गाळ बाटलीतच. हेच आपल्याला घरी करायचं आहे. आणि जपून. दहा टक्क्यांची ३३ सेंटीलिटरची एक बाटली म्हणजे आपल्या नेहमीच्या बिअरच्या तसल्या दोन बाटल्या. दिवसाला दोन बिअर चाखल्या तरी वही भरते.

एक सकाळ लँबिकसाठी

ब्रसेल्समध्ये एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर अँडरलेख्त भागातली काँतियों ब्रुअरी बघा. ब्रसेल्स-मिडी स्टेशनापासून पायी जाता येतं. १९०० सालची, अजून त्याच घराण्याकडे असलेली ही ब्रुअरी बाहेरून जुन्या गोदामासारखी दिसते, आणि १९७८ पासून तिथेच संग्रहालयही आहे. ती रोज उघडी नसते, वार बघून जा.

लँबिक म्हणजे काय ते आपल्याला पटकन कळतं, कारण आपण इडलीचं पीठ आंबवतो. आपणही विरजण घालत नाही, डाळ-तांदळात आणि हवेत जे असतं तेच काम करतं. लँबिकमध्येही यीस्ट बाहेरून टाकत नाहीत. उकळलेला गव्हाचा आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, काढा रात्री वरच्या मजल्यावरच्या एका उथळ, तांब्याच्या हौदात निवत ठेवतात. खिडक्या आणि कौलांच्या फटींतून सेन नदीच्या खोऱ्यातली थंड हवा आत येते आणि तिच्याबरोबर सूक्ष्मजीव. सकाळी तो काढा लाकडी पिंपांत जातो आणि तिथे महिनोन्महिने, कधी तीन वर्षं राहतो. हे फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जिवाणू फार.

मी त्या माळ्यावर उभा होतो तेव्हा हौद रिकामा होता. त्याच्या तांबड्या बुडाला जागोजागी काळपट डाग होते, वरच्या वाशांवर कोळिष्टकं लोंबत होती. ती कोणी झाडत नाही. पिंपांभोवती माश्या जमतात आणि कोळी त्यांना खातात, म्हणून इथे कोळ्यांना अभय आहे. खाली पिंपांच्या रांगेत शिरलं की ओल्या लाकडाचा, सफरचंदाच्या व्हिनेगरचा आणि किंचित गोठ्याचा असा एकत्र वास येतो. एका पिंपाच्या भोकातून करडा फेस बाहेर येऊन वाळला होता. त्या फेसाकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचं मिश्रण करून बाटलीत भरतात, ते ग्योझ. नव्या लँबिकमधल्या उरलेल्या साखरेमुळे बाटलीत ते पुन्हा फसफसतं. चव आमसुलाच्या जवळची, कोरडी, अजिबात गोड नाही. पहिला घोट अनेकांना नको होतो. दोन घोट थांबा, तिसऱ्याला तोंडाला पाणी सुटतं. ग्योझ वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून घरी आणायच्या यादीत माझ्या मते त्याचा पहिला मान. आंबट चेरी घालून मुरवलेलं ते क्रीक.

इथे एक फसगत टाळा. बाजारात गोड केलेलं ग्योझ आणि सरबतासारखं क्रीकही खूप मिळतं. लेबलवर ‘औड’ हा फ्लेमिश शब्द असेल, म्हणजे ‘औड ग्योझ’ किंवा ‘औड क्रीक’, तर ते जुन्या पद्धतीचं. बून, थ्री फाँटाइनन ही त्यातली खात्रीची नावं. लेंबेक गावच्या बूनचं औड ग्योझ तर साध्या सुपरमार्केटमध्येही ३७.५ सेंटीलिटरच्या बाटलीत मिळतं आणि महाग नसतं. काँतियोंमध्ये काही बाटल्या तिथेच बसून प्यायच्या असतात, बाहेर नेता येत नाहीत. हट्ट धरू नका, तिथेच बसून प्या.

मठातली बिअर आणि मठाच्या नावाची बिअर

दुकानात प्रत्येक दुसऱ्या बाटलीवर साधू, घंटा, नाहीतर चर्चची खिडकी दिसते. ह्यातल्या बहुतेक बिअर मठात बनत नाहीत. एखाद्या मठाचं नाव घेऊन मोठी कंपनी त्या बनवते, त्यांना ‘अ‍ॅबी बिअर’ म्हणतात. लेफ त्यातलीच, जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीची. वाईट असते असं नाही, पण तुमच्या सहांत तिला जागा नको.

खरी ट्रॅपिस्ट, म्हणजे त्या पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठातली बिअर, ओळखायची खूण म्हणजे षटकोनी शिक्का. तो मिळायला तीन अटी आहेत: बिअर मठाच्या आवारात बनली पाहिजे, साधूंच्या देखरेखीखाली बनली पाहिजे, आणि येणारा पैसा मठाचा निर्वाह आणि दानधर्म ह्यांसाठीच वापरला पाहिजे. बेल्जियममध्ये असे पाच मठ आहेत: ओर्वाल, रोशफोर, शिमे, वेस्टमाल आणि वेस्टफ्लेटरन. आखेल सहावा होता, पण तिथले शेवटचे साधू निघून गेल्यावर २०२१ मध्ये शिक्काही गेला.

रोशफोरच्या बाटल्या झाकणाच्या रंगावरून ओळखतात: सहा नंबरला लाल, आठला हिरवं, दहाला निळं. दहा नंबर ११.३ टक्क्यांची, काळपट, खजूर आणि अंजिराच्या चवीची. ती वर्षानुवर्षं टिकते. वेस्टमालची ट्रिपेल सोनेरी आणि साडेनऊ टक्क्यांची, तिची चव मात्र मला दोनेक वर्षांच्या आतच आवडते. शिमेच्या निळ्या लेबलच्या बाटलीवर साल छापलेलं असतं, मुरवायला सोयीचं.

वेस्टफ्लेटरनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळे तिच्या मागे असतात. सेंट सिक्सटस मठात १८३८ पासून बिअर होते. साधू उत्पादन वाढवत नाहीत, त्यांना मठ चालण्यापुरतंच हवं आहे. विक्री क्रेटने, आधी नाव नोंदवून. पूर्वी फोनवरून व्हायची, २०१९ पासून ऑनलाइन होते. घेणाऱ्याने पुढे विकू नये अशी मठाची अट आहे. तरीही ब्रसेल्सच्या पर्यटकी दुकानांत तिच्या बाटल्या कित्येक पट किमतीला मांडलेल्या दिसतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: तिथे घेऊ नका. ज्यांनी ती बनवली त्यांनी हात जोडून सांगितलेली गोष्ट मोडून आणलेल्या बाटलीचा मला तरी आनंद होत नाही. मठासमोर ‘इन द फ्रेड’ नावाचं त्यांचं उपाहारगृह आहे. पोपरिंगे गावापर्यंत ट्रेनने जा, पुढे सायकल किंवा टॅक्सी. पोपरिंगे हॉप्सचा मुलूख आहे, उन्हाळ्याच्या शेवटी उंच मांडवांवर चढलेले वेल दिसतात, द्राक्षबागेपेक्षा दुप्पट-तिप्पट उंच. उपाहारगृहात बसून प्या, आणि त्या दिवशी नेण्यासाठी विकत असतील तर तिथूनच घ्या.

ओर्वालसाठी वेगळा परिच्छेद

कारण माझ्या मनात तिची जागा वेगळी आहे. फ्रान्सच्या सीमेजवळ आर्देनच्या जंगलात हा मठ आहे, तिथली ब्रुअरी १९३१ ची. लेबलवर तोंडात अंगठी धरलेला मासा. कथा अशी की तोस्कानाच्या माटिल्डाची अंगठी तिथल्या झऱ्यात पडली, तिने प्रार्थना केली आणि एका ट्राउट माशाने ती परत आणून दिली. आपल्याला लगेच शकुंतला आठवते.

बाटली बोलिंगच्या खेळातल्या खुंटीसारखी, मध्ये फुगीर. बिअर ६.२ टक्क्यांची, म्हणजे तीव्र नाही, तरी ती मुरते, कारण बाटली भरताना तिच्यात ब्रेट्टॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट असतं आणि ते हळूहळू, महिन्यामहिन्याने उरलेली साखर खात जातं. ताजी ओर्वाल हॉप्सची, फुलांच्या वासाची, कडू. सहा महिन्यांनी कडवटपणा मागे सरतो आणि चामड्याचा, वाळलेल्या गवताचा वास पुढे येतो. वर्षाने ती अगदी कोरडी होते. लेबलवर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते. ती बघून एकाच तारखेच्या दोन बाटल्या घ्या, एक आल्यावर महिन्याभरात उघडा, दुसरी वर्षाने. एकाच बिअरची दोन वयं घरबसल्या समजून घ्यायला ह्याहून स्वस्त शिक्षण नाही.

लेबलवरचे चार शब्द

देशाच्या उत्तरेत फ्लेमिश, दक्षिणेत फ्रेंच, आणि ब्रसेल्समध्ये दोन्ही. लेबलवर ‘नाखिस्टिंग ऑप फ्लेस’ किंवा फ्रेंचमध्ये ‘रफेर्मांते आँ बुतेय’ असेल तर बाटलीत आंबवलेली. भाषा वाचता आली नाही तरी बाटली उजेडात धरून बुडाचा गाळ बघा.

दुसरी जोडी ‘डोअर’ आणि ‘फोअर’. डोअर म्हणजे ‘कडून’, फोअर म्हणजे ‘साठी’. बेल्जियममध्ये स्वतःची ब्रुअरी नसलेली पण स्वतःच्या नावाने बिअर विकणारी बरीच मंडळी आहेत. ती दुसऱ्याकडून करवून घेतात. म्हणून नाव एका गावाचं आणि बिअर भलत्याच ठिकाणची असं होतं. स्थानिक हवी असेल तर ‘डोअर’पुढचं, म्हणजे बनवणाऱ्याच्या गावाचं, नाव वाचा. ब्रूजमध्ये दुकानं शेकडो बिअरनी भरलेली आहेत, पण गावाच्या जुन्या भागात खरोखर बनणाऱ्यांपैकी म्हणजे द हाल्व मान ब्रुअरीची ‘ब्रुग्स झॉट’ आणि ‘स्ट्राफ हेंड्रिक’. अरुंद गल्ल्यांतून टँकर न्यायला नको म्हणून त्यांनी २०१६ मध्ये जमिनीखालून जवळपास तीन किलोमीटरची बिअरची पाइपलाइन टाकली, गावाबाहेरच्या बाटलीबंद करण्याच्या कारखान्यापर्यंत. स्ट्राफ हेंड्रिकची क्वाड्रुपेल ११ टक्क्यांची आहे, खुशाल आणा.

कुठून घ्यायच्या

बिअरची नावं ठरल्यावर आधी साध्या सुपरमार्केटमध्ये जा, देलेझ किंवा कोलराउट. ओर्वाल, रोशफोर, वेस्टमाल, शिमे तिथे दोन-तीन युरोंच्या घरात मिळतात. ग्राँ प्लासच्या आसपास त्याच बाटलीला दुप्पट पडतात. बाटलीवर दहा सेंट अनामत घेतात, ती बाटली परत केल्यावर मिळते. आपण घरी नेणार, ते दहा सेंट सोडून द्यायचे. दुर्मीळ काही हवं असेल तर बिअरचं खास दुकान गाठा किंवा थेट ब्रुअरीतून घ्या. दुकान कोणतंही असो, उन्हात असलेल्या काचेतली बाटली कधी घेऊ नका. हॉप्सवर उजेड पडला की काही वेळातच बिअरला उग्र, कुबट वास लागतो, आणि हिरव्या बाटल्या उजेड फारसा अडवत नाहीत. सेझाँ द्युपों ही एनो प्रांतातली शेतावरची अप्रतिम बिअर हिरव्या बाटलीतच येते. ती खोक्यातून काढून द्यायला सांगा.

खरेदी शेवटच्या दोन दिवसांत. नाहीतर आठवडाभर बाटल्या गावोगाव वाहाव्या लागतात.

मी शेवटच्या खेपेला आणल्या त्या अशा: ओर्वाल दोन, रोशफोर दहा नंबर एक, स्ट्राफ हेंड्रिक क्वाड्रुपेल एक, आणि ३७.५ सेंटीलिटरची ग्योझ एक. सहावी रॉदेनबाखची ग्राँ क्रू घ्यायची होती. रूसेलारे गावात भल्याथोरल्या ओकच्या पिंपांत मुरणारी, तांबडी, व्हिनेगरकडे झुकणारी. पण ग्योझची बाटली मोठी असल्याने बेरीज २.०२५ लिटर झाली. पंचवीस मिलिलिटरसाठी ती परत फडताळात ठेवली. तुम्ही दुकानातच बेरीज करा. मोठी ७५ सेंटीलिटरची एक घेतली तर तिच्याबरोबर ३३ च्या तीनच बसतात.

बांधायच्या कशा

पहिल्या खेपेला क्रीकची बाटली मी सुटकेसच्या चाकांच्या बाजूला, कडेला ठेवली होती. मुंबईला बॅग उघडली तर आईसाठी ब्रूजहून घेतलेली हातविणीची लेस चेरीच्या रंगाने गुलाबी झाली होती. आई काही बोलली नाही, लेस तिने धुऊन ठेवून दिली, पण तो डाग अजून आहे. तेव्हापासून ही पद्धत: बाटलीला जाड मोजा, त्यावर झिपची पिशवी, आतली हवा दाबून काढलेली, मग जीन्सच्या पायात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळी. सुटकेसच्या तळाला मऊ कपड्यांचा थर, मधोमध बाटल्या, चारी बाजूंनी आणि वरून पुन्हा कपडे. बाटलीला बाटली लागता कामा नये, कडेला तर मुळीच नको. बॅग बंद करून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

विमानाच्या पोटात हवेचा दाब कमी होऊन बाटल्या फुटतात अशी एक समजूत आहे. सामानाच्या कप्प्यातही दाब प्रवाशांच्या कक्षासारखाच राखलेला असतो. बाटल्या फुटतात त्या आपटण्याने.

विमानतळावर

बाटल्या चेक-इनच्या बॅगेतच. २४ टक्क्यांपर्यंतच्या मद्याला चेक-इन सामानात धोकादायक वस्तूचा नियम लागत नाही. आखाती देशातून विमान बदलणार असाल आणि बॅग थेट मुंबईपर्यंत टॅग झाली असेल तर अडचण नाही. मात्र मध्ये बॅग ताब्यात घेऊन बाहेर पडणार असाल तर त्या देशाचा नियम लागतो. कतार आणि कुवेतमध्ये प्रवाशाला दारू आणताच येत नाही.

भारतात उतरल्यावर दोन लिटरच्या आत असाल आणि बाकी सामानही मर्यादेत असेल तर ग्रीन चॅनल, म्हणजे शुल्क भरण्यासारखं काही नसलेल्यांची वाट. पावत्या जवळ ठेवा. नवरा-बायको दोघं असाल तर दोघांची मर्यादा वेगवेगळी, एकाची दुसऱ्यात मिळवता येत नाही. म्हणून बाटल्या आपापल्या बॅगेत. जास्त आणल्या असतील तर रेड चॅनलला जाऊन सांगावं, शुल्क भारी असतं. आणि तुमचं घर बडोद्याला असेल तर ह्या सगळ्याआधी गुजरातची दारूबंदी आहे. तिथे परमिटशिवाय बाटली जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, तेव्हा परमिट नसेल तर आणूच नका. लंडनकडच्या मराठी मंडळींची मात्र चैन आहे, ब्रिटनमध्ये ४२ लिटर बिअर चालते. अमेरिकेत शुल्काशिवाय एकच लिटर.

घरी आल्यावर

लगेच उघडू नका. प्रवासात गाळ ढवळलेला असतो. आठ-दहा दिवस बाटल्या उभ्या, अंधारात ठेवा. पुढे जास्त दिवस ठेवायची असेल तर बुचाची ग्योझ आडवी, पत्र्याच्या झाकणाच्या उभ्या. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाट पुरत नाही, तेव्हा फ्रिजचा सगळ्यात खालचा खण. पावसाळ्यात लेबलं ओल धरतात, कागदात गुंडाळा.

गडद ट्रॅपिस्ट अगदी गार पिऊ नका. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं टेबलावर ठेवा, चव तेव्हा उघडते. ग्योझच्या काही बाटल्यांवर वर पत्र्याचं झाकण आणि त्याखाली बूच असतं, तेव्हा ओपनर आणि कॉर्कस्क्रू दोन्ही हाताशी हवेत. बूच काढताना बाटलीचं तोंड कोणाकडे धरू नका, आत बराच जोर असतो. बरोबर खायला मी ग्योझला भाजलेले शेंगदाणे आणि कैरीची कोशिंबीर ठेवली होती. क्वाड्रुपेल पुरणपोळीबरोबर उघडली. गूळ आणि जायफळ आणि ती बिअर एकमेकांना ओळखत असल्यासारखी वागली.

पुण्यातल्या ज्या मित्राबरोबर मी ह्या बाटल्या उघडतो, त्याला बिअरची गोडी दूलालीमुळे लागली. २००९ मध्ये पुण्यात निघालेली ही भारतातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरींपैकी, एक. ओर्वालची पहिली बाटली आम्ही जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडला त्या संध्याकाळी घेतली. दोन्ही पेल्यांत फेस बोटभर उंच आला. त्याने वास घेतला, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलून वास घेतला, आणि वहीत ‘मोसंबीची साल, ओला पेंढा’ असं लिहिलं. दुसरी बाटली, त्याच तारखेची, फ्रिजच्या खालच्या खणात पाठीमागे आहे. पुढच्या पहिल्या पावसाला उघडायची, आणि वहीतली ती ओळ तोपर्यंत कोणी वाचायची नाही असं ठरलं आहे.